साहेबांची तब्येत

टेलरताईंनी काचेवर बोटाने हलकेच टकटक केलं. साहेब हलले नाहीत.

साहेब म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकूंचा गोल्डफिश. सुटलेलं पोट आणि रुबाबदार चाल बघून काकूंनीच ते नाव ठेवलं होतं. आज साहेब कुशीवर कलंडून पाण्याच्या वर तरंगत होते. एक बाजू हवेत उघडी पडली होती. ताई वाकून बघत राहिल्या. कितीतरी वेळाने कल्ला किंचित उघडला आणि मिटला. ताईंनी धरून ठेवलेला श्वास सोडला.

काकू हॉस्पिटलात गेल्यापासून घराची किल्ली ताईंकडे होती. खालच्या मजल्यावरचं शिवणयंत्र थांबवून त्या सकाळ-संध्याकाळ वर यायच्या. परवा साहेबांचं काहीतरी बिनसलं. तेव्हापासून माशांच्या दुकानातल्या माणसाने सांगितलं ते सगळं त्यांनी केलं होतं. खाणं बंद ठेवलं, पाण्यात मीठ घातलं. आज मटारचा दाणा उकडून, साल काढून, चुरडून आणला होता. तो कण बोटाच्या टोकावर घेऊन त्यांनी साहेबांच्या तोंडाशी नेला. साहेबांनी तोंड उघडलं, कण आत घेतला आणि तसाच बाहेर टाकला.

"घ्या हो, एवढं तरी घ्या," ताई पुटपुटल्या. "माझ्या ताब्यात असताना काही करून घेऊ नका."

तेवढ्यात फोन वाजला. काकूंचा व्हिडिओ कॉल. काल ताईंनी चार्जिंगचं निमित्त सांगून वेळ मारून नेली होती. आज फोन वाजतच राहिला. शेवटी त्यांनी कॅमेऱ्यावर अंगठा दाबून तो घेतला.

"काय म्हणतात आमचे साहेब?" पडद्यावर काकूंचा चेहरा उशीत बुडालेला होता. कालच्यापेक्षा लहान दिसत होता.

"मजेत आहेत. आत्ताच खाल्लं."

"दाखव बघू."

"रेंजच नाही हो काकू इथे. तुम्हाला चित्र दिसत नसेल, ना?"

"काळोख दिसतोय. तुझा अंगठा आहे तो." काकूंनी सगळं आयुष्य शाळेत शिकवण्यात घालवलं होतं. "गृहपाठ न केलेल्या मुलींचा आवाज अस्साच यायचा. काढ अंगठा."

ताई घुटमळल्या. काल हॉस्पिटलच्या जिन्यात काकूंच्या मुलाने त्यांना थांबवून बजावलं होतं, "आईला वाईट काही सांगू नका. माशाचंसुद्धा नाही." आणि मग आवाज खाली आणून त्याने दुसरी गोष्ट सांगितली होती. डॉक्टर आता ऑपरेशन करणार नव्हते. करून उपयोग नव्हता. काकूंना मात्र तारीख पुढे गेली एवढंच सांगितलं होतं.

"अगं, इथे सगळे माझ्याशी गोड बोलतात," काकू म्हणाल्या. "डॉक्टर गोड, नर्स गोड. माझा मुलगा तर इतका गोड बोलायला लागलाय की मला धडकी भरते. तू तरी नको गं."

ताईंनी अंगठा काढला आणि फोन टाकीकडे वळवला. आता त्यांना फोनची नुसती पाठ दिसत होती.

पलीकडून कुठलीतरी ढकलगाडी खडखडत गेल्याचा आवाज आला. आपण हे काय करून बसलो, असं ताईंना झालं.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"परवापासून. मी सगळं केलं हो काकू. मीठ घातलं, मटार..."

"केलंस ते दिसतंय मला. आता ऐक. निम्मं पाणी काढ. खोल पाण्यात त्यांना तोल सांभाळायला फार धडपडावं लागतं. आणि बुडबुडे मंद कर, ढकलले जातायत बिचारे."

काकूंचा आवाज बदलला होता. वर्गात आल्यासारखा. ताईंनी स्टुलावर मिठाच्या बरणीला टेकवून फोन उभा केला आणि मगाने पाणी काढून बादलीत ओतायला घेतलं. पाण्याबरोबर साहेबही हळूहळू खाली येत गेले.

"पुरे. आता ते रुंद पानांचं झाड जवळ सरकव. पान त्यांच्या अंगावरून आलं पाहिजे. दाबू नकोस, नुसता आधार दे."

ताईंनी कोपरापर्यंत हात आत घातला. साहेब पानाखाली गेले आणि तिथेच राहिले. उघडी पडलेली बाजू पाण्याखाली आली. कलले होते अजून, पण कल्ले आता सावकाश चालत होते.

"जगतील ना, काकू?"

"माहीत नाही. आता त्रास कमी होईल त्यांना. तेवढं तर आपण करू शकतो." काकू दम लागल्यामुळे थांबल्या. मग म्हणाल्या, "बरं, यांचं झालं. आता माझं सांग."

ताईंचा हात पाण्यातच राहिला.

"काल मुलगा तुझ्याशी जिन्यात बोलत होता. तू आत आलीस ती माझ्याकडे न बघता पडदे नीट करत बसलीस. काय म्हणाला तो? औषधं आणायला खाली गेलाय, येईल इतक्यात."

ताईंनी हात बाहेर काढला, कुर्त्याला पुसला, पुन्हा पुसला. फोन उचलला. क्षणभर तो तसाच पाठमोरा धरून ठेवला, कॉल तुटावा अशी वाट बघितल्यासारखा. तो तुटला नाही.

मग त्यांनी फोन आपल्याकडे वळवला. काकू उशी सोडून ताठ बसल्या होत्या आणि त्यांनी चष्मा लावला होता.