प्रणूचे पैंजण

“मॅडम, अंदर नहीं जाएगी गाडी,” म्हणत रिक्षावाल्याने गल्लीच्या तोंडाशीच दोघींना उतरवलं. आत वेल्डिंगवाल्याने अर्धा रस्ता अडवला होता. श्रद्धाने प्रणूला खांद्यावर टाकलं आणि दुसऱ्या हाताने बॅग ओढायला लागली. फ्रँकफर्टपासून दिल्लीपर्यंत पोरगी स्वतःची सीट सोडून तिच्या मांडीवरच होती. जबलपूरच्या विमानात तिने आईच्या कुडत्यावर उलटी केली. दोन वर्षांचं मूल घेऊन एकटीने परदेशातून यायचं म्हणजे काय, ते करणारीलाच कळतं. बाकीचे नुसतं विचारतात, कसा झाला प्रवास?

आई दारात उभी होती. “पाय दुखून राहिले,” म्हणून ती विमानतळावर आली नव्हती. तिने प्रणूला पोटाशी धरलं आणि तिच्या कपाळावरून, नाकावरून, कानाच्या पाळ्यांवरून कितीतरी वेळ हात फिरवला.

“नाक जावयाचं घेतलं हिनं,” ती म्हणाली. मग पदराची गाठ सोडून तिने चांदीचे पैंजण काढले आणि तिथेच पोरीच्या पायांत घातले. चांगले भरघोस घुंगरांचे होते.

“एवढे वाजणारे काहून आणले गं? मला झोप पाहिजे चार दिवस.”

“वाजू दे. घर भरल्यासारखं वाटते.”

श्रद्धाच्या आईने, शेवंताबाईंनी, उभा जन्म अंगणवाडीत मुलं सांभाळण्यात काढला होता. गोहलपूर वस्तीतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. न जेवणारी, न बोलणारी, भिंतीला चिकटून बसणारी, सगळी. आणि प्रणू अजून एक शब्द बोलत नव्हती. पाळणाघरात जर्मन, घरात मराठी, शेजारी इंग्रजी. पोरीने तिन्हींशी अबोला धरला होता. श्रद्धाची नोकरी, नवऱ्याच्या, ललितच्या रात्रपाळ्या, पोरीची आजारपणं, यांत श्रद्धा पार पिचून गेली होती. सहा महिने प्रणूला आईजवळ ठेवायचं, एवढ्यासाठीच ती आली होती. आई नाही म्हणणार नाही याची तिला इतकी खात्री, की परतीचं तिकीट तिने एकटीचंच काढलं होतं.

पण आई बदलली होती. ओट्याजवळ बॅग ठेवली तर लगेच, “रस्त्यात नको ठेवू, भिंतीला लाव.” खुर्ची वीतभर सरकली तरी ती पुन्हा जागेवर नेऊन ठेवी. म्हातारपणी माणसाला माणसांपेक्षा टापटीप प्यारी होते, असं श्रद्धा मनाशी म्हणाली. आंघोळीसाठी पैंजण काढले, तर आई मोरीपर्यंत मागे आली. “घाल पहिले, घाल.” मोबाइलवर पाळणाघराचे फोटो दाखवले, तर “छान आहे” म्हणून मोकळी झाली. व्हिडिओ कॉलवरही तिची हीच तऱ्हा. कधी नुसतं कपाळ दिसे, कधी छताचा पंखा. ललित त्यावरून चिडवायचा.

तरी प्रणू छुमछुमत जवळ आली की आईचे हात पसरलेले असत. त्यावर श्रद्धाने भिस्त ठेवली. आज विचारू, उद्या विचारू करता करता शेवटची संध्याकाळ आली.

आई लसूण सोलत होती. शेजारच्या बेबीताई पोळ्या लाटत होत्या. आताशा स्वयंपाकाला त्याच येत.

“आई, हिला ठेवून घे तुझ्याजवळ. सहा महिने. तुझ्यापाशी राहिली तर बोलायला लागेल.”

आईचे हात थांबले. “नाही होणार माझ्यानं.”

“अगं, चाळीस-चाळीस पोरं सांभाळली तू!”

“तेव्हा सांभाळली.”

“आणि घरची एक होत नाही?”

“रस्त्यावर निघाली, पडली-झडली, तर जावयाला काय तोंड दाखवू?”

“मावशी, सांगून द्या न एकदा,” बेबीताई म्हणाल्या.

“बेबी, तवा जळून राहिला. चलो, पोळी पाह्य.”

तवा जळत नव्हता.

त्या रात्री श्रद्धाने ललितला फोन करून प्रणूचंही तिकीट काढायला सांगितलं. तिला राग आला होता आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं होतं. परक्यांच्या पोरांना जीव लावणाऱ्या बाईला स्वतःची नात जड व्हावी? शेजारी प्रणू कूस बदलत होती आणि दर खेपेला घुंगरं वाजत होती. ज्या आजीला नात नको, तिचे पैंजण तरी कशाला? श्रद्धाने ते काढले आणि कोनाड्यात ठेवून दिले.

सकाळी गल्लीत वेल्डिंगवाल्याचं मशीन घरघरायला लागलं. आई दाराकडे तोंड करून खुर्चीत बसली होती. श्रद्धा बॅगेत कपडे कोंबत होती.

प्रणू उठली. उशाशी राहिलेलं अर्धं बिस्किट उचलून ती गादीवरून उतरली, अनवाणी पायांनी फरशी ओलांडून थेट आजीसमोर जाऊन उभी राहिली. टाचा उंचावून तिने ते उष्टं बिस्किट आजीच्या तोंडासमोर धरलं. आपणहून कुणाला काही द्यायची या पोरीची ही पहिलीच वेळ. श्रद्धाचे हात थांबले. आता तरी आई विरघळेल, असं तिला वाटलं.

आई हलली नाही. प्रणूने बिस्किट आणखी वर धरलं. आई आपली दाराकडेच तोंड करून बसलेली.

श्रद्धाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तोंड उघडणार, तेवढ्यात आईच बोलली.

“श्रद्धा, प्रणू उठली की माझ्याजवळ आणजो. जायच्या आधी एकदा तिच्या तोंडावरून हात फिरवून घेते.”