खानावळीतली रेघ

"मावशी, फरशीवरची ही पांढरी रेघ कुणी मारली?" रस्तारुंदीच्या मोजणीला आलेल्या साहेबांनी विचारलं.

"सरकारनं," मी तोऱ्यात सांगितलं. "आमची चूल कर्नाटकात, पंगत महाराष्ट्रात!" लग्न होऊन आले तेव्हापासून नवरा हेच सांगायचा. दोन राज्यांत दोन पाय ठेवून फोटो काढायला लोक लांबून आमच्या खानावळीत यायचे. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली.

नवरा बाजारातून आला, ऐकून म्हणाला, "अगं, हद्द ओढ्यापलीकडं आहे. गिऱ्हाईक यावं म्हणून ही रेघ मीच मारली होती." मग उलथनं घेऊन तो फरशीवरचा रंग खरवडत राहिला.

खानावळ पाडली. निम्मं घर तिकडचं, म्हणत दोन्ही राज्यांनी हात वर केले. बदली जागा कुणीच दिली नाही. नवऱ्यानं मला एका शब्दानंही बोल लावला नाही. तो आता बोलतच नाही.

आमची पंगत बसायची तिथून आज डांबरी रस्ता जातो. मधोमध पांढरी रेघ आहे. ती मात्र खरंच सरकारनं मारलीय.