टकरीनंतरचे प्रोटॉन

"पुन्हा प्रोटॉन जास्त!" मृदुलाने लॅपटॉप मिटला. शिशाची अणुकेंद्रकं एकमेकांवर आदळली की हजारो कण जन्मतात. त्यांतले प्रोटॉन तिच्या गणिताशी जुळेनात. "संध्याकाळपर्यंत जुळव, नाहीतर शोधनिबंधातून तुझा भाग गळेल," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले होते.

तेवढ्यात लेकीने चुरमुऱ्यांचा डबा उपडा केला.

"कर बाई, तूही छळ!" चरफडत तिने सगळं झाडलं, लेकीला उचललं, तर फ्रॉकच्या घेरातून आणखी चुरमुरे सांडले.

"हे डब्यातून कुठे पडले गं? तू नंतर सांडलेस," म्हणता म्हणता ती थबकली. टकरीत जन्मलेले जड कण पुढे फुटतात, त्यांतूनही प्रोटॉन निघतात. तेही तिने टकरीतलेच धरले होते!

लॅपटॉप उघडून तिने ते वजा केले. आकडा जुळला.

"एवढं साधं, आणि महिनाभर..." तिने कपाळावर हात मारला. लेक खुदकन हसली. आईच्या कपाळाला चुरमुरा चिकटला होता.