नवा वीजवीर

“सर, पुन्हा एकदा. पण या वेळी आपण सोळा वर्षांचे आहोत असं समजून करा,” दिग्दर्शिका म्हणाली.

तो परत लाकडी चौथऱ्यावर चढला. गुडघ्यातून कळ गेली, ती त्याने तोंडावर दिसू दिली नाही. हात मागे घेतले, मान किंचित डावीकडे झुकवली आणि उडी मारली. खाली जाड गादी होती. चारही बाजूंनी कॅमेरे लावलेले होते; त्याची प्रत्येक हालचाल संगणकात टिपली जात होती.

“अगदी तस्संच!” तिने टाळ्या वाजवल्या. “आता पोराला नीट कळेल.”

पोरगा म्हणजे नवा वीजवीर. जुना वीजवीर तो स्वतः होता. विजेच्या तारांवरून धावत जाऊन लोकांना वाचवणारा शाळकरी मुलगा. तो सिनेमा इतका चालला, की जागोजागी पोरांनी गच्चीवरून उड्या मारून हातपाय मोडून घेतले. आणखी दोन भाग निघाले, मग त्याला दाढीमिशा फुटल्या आणि काम थांबलं. दुसरं काही मागायला गेला की लोक म्हणत, “तुम्हाला बघितलं की वीजवीरच डोळ्यांसमोर येतो हो.” चहा पाजत आणि वाटेला लावत.

आता चाळिशी उलटली होती. पोहण्याच्या तलावावर तो मुलांना शिकवायचा. तिथले सगळे त्याला विजेरी म्हणत. लाडाने म्हणतात, असं त्याने स्वतःला समजावून ठेवलं होतं.

आणि अचानक फोन आला. वीजवीर पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार होता. नायक अर्थातच कुणीतरी कोवळा पोरगा. त्याला लढायला शिकवणारा थकलेला गुरू मात्र यानेच करावा, अशी निर्मात्यांची इच्छा होती.

तलावावर इतकी लांब रजा मिळेना. त्याने नोकरीच सोडली.

“परत घेतील का, विचारून तरी ठेव,” बायको म्हणाली.

“परत कशाला जातोय मी आता?”

त्याचे सगळे शर्ट तिने इस्त्रीला टाकले.

चित्रीकरण सुरू झालं, पण पोरगा काही दिसेना. त्याच्या जागी एक दांडा उभा केलेला असायचा आणि दांड्याच्या टोकाला हिरवा चेंडू.

“त्याची परीक्षा चालू आहे,” दिग्दर्शिका म्हणाली. “त्याचा भाग आम्ही वेगळा घेतोय. तुम्ही चेंडूकडे बघून बोला.”

पहिले काही दिवस त्या चेंडूकडे बघितलं तरी त्याच्या मनात यायचं: कोण कुठलं कार्टं, आयतं येऊन बसणार. मग रोज बोलता बोलता काय झालं कुणास ठाऊक, चेंडूच्या जागी त्याला खरंच एक पोरगं दिसायला लागलं. घाबरलेलं, अंगापेक्षा मोठा पोशाख घातलेलं. त्याला रागावायचं दृश्य होतं तेव्हा याचाच आवाज भरून आला.

दृश्य नसेल त्या दिवशीही त्याला बोलावून घेत. पोरासाठी हसून दाखवा, पळून दाखवा, दचकून दाखवा. तो सगळं मन लावून करायचा. गुरूच्या घराच्या भिंतीवर लावायला त्याचे लहानपणचे फोटो हवे होते, म्हणून बायकोने माळ्यावरची पेटी उघडून तेही दिले.

एकदा जेवताना त्याने सहायक मुलीला विचारलं, “कसा आहे गं पोरगा? जमतंय का त्याला?”

“जमतंय की. तुमचं सगळं जसंच्या तसं उचलतोय.”

त्याला बरं वाटलं. “एक निरोप देशील? शाळा सोडू नकोस म्हणावं. लोक डोक्यावर घेतात तेव्हा वाटतं, कशाला हवीय शाळा. मी सोडली. आणि टाळ्या थांबल्या की मनाला फार लावून घेऊ नकोस, म्हणावं. मला फार वर्षं लागली.”

मुलीने ताटातून मान वर केली नाही. “सांगते, सर,” म्हणाली आणि अर्धवट जेवूनच उठली.

सिनेमा लागायच्या आठवड्यात दिग्दर्शिकेचा फोन आला. लांबी फार झाली होती, गुरूचा भाग काढावा लागला.

“थोडा?”

“सगळाच, सर. माझ्या हातात नव्हतं.”

फोन ठेवून तो भिंतीकडे तोंड करून पडला, तो दुसऱ्या दिवशीही उठला नाही. तलावावर त्याच्या जागी नवा माणूस घेतला होता. दहावीतली लेक चहा घेऊन यायची, कप उशाशी ठेवायची, आणि गार झालेला कप परत न्यायची.

“सिनेमाची तिकिटं परत करू का, बाबा?” शेवटी तिने विचारलं.

तो उठून बसला.

“नको. जाऊ आपण. मी नसलो तरी तो आहे ना. माझ्याकडून शिकलाय. मला त्याला बघायचंय एकदा.”

त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. थिएटर खचाखच भरलं होतं. एका बाजूला बायको बसली, दुसऱ्या बाजूला लेक.

दिवे विझले. पडद्यावर उंच इमारतीच्या कठड्यावर मुखवटा घातलेला एक शेलाटा मुलगा उभा होता. त्याने हात मागे घेतले, मान किंचित डावीकडे झुकवली आणि उडी मारली.

“हे मी शिकवलं,” तो लेकीच्या कानात पुटपुटला. त्याचे डोळे भरून आले होते. “बघ, काय सुंदर करतोय.”

मुलगा रस्त्यावर उतरला, दम खात उभा राहिला आणि त्याने मुखवटा काढला. पडद्यावर तो स्वतःच होता, सोळा वर्षांचा, आणि थिएटरभर शिट्ट्या वाजत होत्या.