पायडलची उजवी बाजू

श्रीशैलदादा फौजेत उजवा पाय गमावून घरी आला, तेव्हा काका म्हणाले होते, "आता जन्मभर बसून खाणार." दादानं अहमदपूरला स्टँडसमोर शिलाई मशीन टाकली. एकट्या डाव्या पायानं ती चालवून त्यानं घर उभं केलं. पायडलची डावी बाजू झिजून चकाकली. उजवीचा काळा रंग मात्र तसाच राहिला.

दादा गेला. महिन्यानं काका गिऱ्हाईक घेऊन आले.

"मंजू, दुकान बंदच हाय. मशीन विकून टाक."

"न्हाई विकणार! बघायची तर बघा."

दादा गेल्यापासून लागलेलं कुलूप मीच काढलं.

पायडलची उजवी बाजू झिजून चकाकत होती.

काकांनी हात लावला आणि झटकन मागं घेतला. "गरम हाय गं!"

"मग दुकान बंद हाय म्हणता कसं, काका?"