ओढायचं नाही

बाबांनी तिचं मनगट धरलं तेव्हा खाली तिला स्पर्धेला न्यायला आलेल्या गाडीचा हॉर्न वाजत होता. निघता निघता पांघरूण सारखं करायला ती वाकली, हात त्यांच्या तळहाताला लागला आणि बोटं मिटली. झालं!

एकशे तीस किलोचा बार जमिनीवरून उचलणारी ही बाई एका हाडकुळ्या म्हाताऱ्याच्या हातातून सुटेना. ओढलं की पकड आणखी घट्ट. दहाला स्पर्धकांची वजनं घेणार होते. उशीर झाला की नाव बाद, आणि तिच्या वयाला पुढची निवड नव्हती. तिच्यात खोट एकच होती. तिसऱ्या उचलीला बोटं उघडायची. तिला शिकवणारे बाबाच, आणि त्यावरून घसा फोडून ओरडणारेही तेच. "पकड कुठाय तुझी?" आता ते बोलत नव्हते, कुणाला ओळखत नव्हते. पकड मात्र हेवा वाटावा अशी.

"बघ, सोडवत नाही त्याला तुला," आत्या पेजेची वाटी घेऊन आली. "सगळं विसरला दादा, माणसं नाही विसरला. मलासुद्धा दुपारभर असाच धरून ठेवतो."

तिने मनगट ओढणं थांबवलं. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ही माया नव्हे. तान्ह्या बाळाच्या तळव्यात बोट दिलं की मूठ मिटते, तेच हे. मोठेपणी मेंदू ते दाबून ठेवतो. मेंदू थकला की ते परत येतं. ओढायचं नाही. हाताच्या पाठीवरून हलकेच बोट फिरवायचं, मूठ आपोआप उघडते. कालच बाबांनी पलंगाचा कठडाही याच मायेने धरलेला तिने पाहिला होता.

एक बोट फिरवलं की सुटका. पण आत्यासमोर? दोन वर्षं आत्या या एका गोष्टीवर तग धरून होती, आणि स्पर्धेचे चार दिवस ती घरात बाबांजवळ एकटी असणार होती.

"आत्या, जरा पाणी आणतेस?"

"उशाशीच तर आहे." आत्या खुर्ची ओढून बसली.

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. नऊ वीस झाले होते. तिला रडू यायला लागलं, बाबांचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली. मनगटावर लाल वळ उठत होते.

आत्याने वाटी खाली ठेवली. हात पुसले. मग भावाच्या हाताच्या पाठीवरून सावकाश एक बोट फिरवलं. मूठ उघडली.

ती आत्याकडे बघतच राहिली.

"पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे मला," आत्या म्हणाली. "पळ आता. आणि आज बोटं सोडू नकोस."

तिने बॅग खांद्याला लावली. दारातून वळून पाहिलं, तर आत्याने त्या उघड्या तळहातावर आपलं बोट ठेवलं होतं आणि मूठ मिटायची वाट बघत होती.