लक्षात राहावं म्हणून

पहिली थप्पड दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर बसली. पाण्याखाली मासे मारायची स्पिअरगन घ्यायला गेलो होतो. मी सगळ्यांत लांब बंदूक उचलली आणि ऐटीत वळून बाबांवर रोखली.

“अहो बाबा, रिकामी आहे!”

“रिकामी वळवायची सवय लागली की भरलेलीही वळते. आणि ठेव ती खाली. आपल्या गढूळ पाण्यात दोन हातांपुढचं दिसत नाही, तिथे एवढा लांब बांबू काय करायचाय?”

आम्ही आखूड घेतली.

दुसरी थप्पड बोटीवर. पाण्यात उतरण्याआधीच मी रबर ताणून बाण भरला होता. माझा ओठ फुटला.

“आता लक्षात राहील,” बाबा म्हणाले.

तिसरी मी मोजत नाही. तिच्यात माझी चूक नव्हती.

शेवटची आज. दिवसभरात एकही मासा मिळाला नव्हता. थंडीनं काळेनिळे पडलेले बाबा बोटीच्या कडेला लटकले आणि त्यांनी बंदूक वर केली. “धर गं.” रबर ताणलेलंच होतं. बाणाचं टोक माझ्या गळ्याशी होतं.

माझा हात आपोआप उठला. त्यांच्या गालावर फाडकन आवाज झाला, बंदूक कलली, सुटली आणि बाण माझ्या कानाची पाळी फाडून मागच्या फळीत घुसला.

बाबा आधी थरथरणाऱ्या बाणाकडे बघत राहिले, मग माझ्या खांद्यावर ओघळणाऱ्या रक्ताकडे.

“हळू मारलीस,” ते म्हणाले. “आणखी एक मार. ही लक्षात राहायची नाही.”